दारातला झ्द्रावेत्स आणि मुकं पाणी

मित्रांनो, मी जुना आहे, पण किती जुना ते मला सांगता येणार नाही. माझ्यासारख्या झाडाचं असंच असतं. जमिनीवर आडवं पसरत जायचं. पुढचं टोक नवीन, मागचं टोक कधीच मातीत मिळालेलं. माणसं माझा एक तुकडा तोडून शेजाऱ्याला देतात, तो तिथे रुजतो, आणि तोही मीच असतो. मग वय मोजायचं कुठून?

नाव मात्र नक्की आहे. झ्द्रावेत्स. इथे बाल्कन डोंगराच्या उतारावर तब्येतीला 'झ्द्रावे' म्हणतात, त्यावरून मी झ्द्रावेत्स. दिसायला काही खास नाही. गुडघ्याच्या खाली उंची, पंज्यासारखी पानं, मे महिन्यात गुलाबी-जांभळी फुलं, आणि फुलं गळली की बगळ्याच्या चोचीसारख्या बिया. पण आमच्या दोल्नी रिद गावात असं एक अंगण नव्हतं जिथे मी नव्हतो.

कारण माझा वास. तो फुलात नाही, पानात आहे. आणि आपणहून सुटत नाही. कुणीतरी हात लावावा लागतो. पान बोटांत धरून जरा चुरलं की ओल्या लाकडासारखा, किंचित कडू, डोकं मोकळं करणारा वास येतो. हात लावला नाही तर मी वर्षभर नुसता हिरवा पाला.

मला या दारात वेलिकाने आणलं. ती नवरी होऊन आली तेव्हा तिच्या ट्रंकेत, लोकरीच्या मोज्यांच्या मधे, ओल्या फडक्यात गुंडाळलेला माझा तुकडा होता. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, घरातली माणसं उठायच्या आत, तिने फाटकाच्या उजव्या अंगाला हातानेच माती उकरली आणि मला लावलं. तिचा नवरा डोळे चोळत दारात येऊन उभा राहिला. त्याचं नाव त्रेंदाफिल, म्हणजे इकडच्या भाषेत गुलाब.

"माहेरहून गवत आणलंस होय?" तो म्हणाला.

"तुझ्या सोबतीला आणलंय," ती म्हणाली. "गुलाबाला काटे असतात. याला नाहीत."

तेव्हा दोघं हसली होती. मला ते हसणं अजून आठवतं.

काम किती केलं म्हणून सांगू. बाळाच्या बाप्तिस्म्याला पाद्री पाणी शिंपडायचा ते माझ्या जुडीने. लग्नात नवरीच्या डोक्यावर मी, पाहुण्यांच्या छातीवर लाल दोऱ्याने बांधलेला मी. पोराला ताप आला की उशीखाली मी. कान ठणकला की पान चुरून कानाशी. सणाला पुरुष मला कानामागे खोचून नाचायचे आणि नाचून नाचून मला घामाने भिजवायचे. वेलिका माझी वाळलेली पानं लोकरीच्या पेटीत ठेवायची, कसर लागू नये म्हणून.

मी खरंच माणसांना बरं करायचो का? खरं सांगतो, मला माहीत नाही. ताप माझ्यामुळे उतरायचा, की पान ठेवणारा हात रात्रभर कपाळावर असायचा म्हणून, हे मला कधीच कळलं नाही.

वेलिका जाता-येता मला हात लावायची. दूध काढून आली की. सरपण घेऊन आली की. बाजाराला निघाली की. नीट वाकायचीसुद्धा नाही, नुसती बोटं फिरवायची आणि पुढे जायची. मला तेवढं पुरायचं.

आता पाण्याचं सांगतो, कारण सगळं त्यावरच आहे.

इथे कुणी लांब निघालं की घरातलं माणूस तांब्याच्या डोलचीत पाणी आणतं, त्यात लाल दोरा बांधलेली माझी काडी टाकतं, आणि निघणाऱ्याच्या वाटेवर फाटकाबाहेर ओततं. वाट पाण्यासारखी सरळ जावी, कुठे अडू नये, म्हणून. त्यांची मुलगी दिल्याना शिकायला राजधानीत, सोफियाला निघाली तेव्हा त्रेंदाफिलने स्वतः पाणी ओतलं. अख्खी डोलची पालथी केली. वाट खरंच सरळ गेली. सोफियाहून ती कॅनडाला गेली, तिथेच लग्न, तिथेच घर. सणासुदीला फोटो पाठवते.

बाकीच्या घरांचंही तेच झालं. पाणी ओतलं जात होतं, माणसं जात होती. एकदा त्रेंदाफिल फाटकातल्या बाकावर बसून दोन्काला म्हणाला, "आपण पाणी ओततो आणि माणूस त्याच्याबरोबर वाहून जातं. चढ चढून परत आलेलं पाणी पाहिलंयस कधी?"

दोन्का म्हणजे शेजारीण. एकटी राहते. स्वतःच्या घरात भांडायला कुणी नाही, म्हणून आमच्या घरातल्या भांडणात पंच होते. त्या दिवशी मात्र ती उठून कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.

मग खालच्या शहरातला शर्ट शिवायचा कारखाना बंद पडला. वेलिकाचं काम गेलं. छप्पर दोन ठिकाणी गळत होतं. तिच्याबरोबर शिवणारी एक बाई इटलीत म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायला गेली होती, तिने वेलिकासाठीही एक घर बघितलं. एक म्हातारी होती, एकटी, तिला उठवायला बसवायला कुणीतरी हवं होतं. त्रेंदाफिल आधी नको म्हणाला. मग भांडला. मग बोलायचाच बंद झाला.

जायच्या सकाळी वेलिका बॅग घेऊन फाटकात उभी राहिली. माझी एक काडी तिने स्वतःच तोडली होती, स्वतःच लाल दोरा बांधला होता, आणि बाकावर ठेवली होती. तिने विचारलं, डोलची कुठाय. त्रेंदाफिलने खांदे उडवले.

डोलची त्याने आदल्या दिवशी गवताच्या गंजीत खुपसली होती. मी पाहिलं होतं. पण मला तोंड नाही. त्याचा हिशेब साधा होता. पाणी नाही ओतलं तर वाट अडेल. वाट अडली तर ती परत येईल.

खाली चौकात बसने हॉर्न दिला. वेलिका तरी थांबली. दुसऱ्यांदा हॉर्न वाजला.

"कोरडीच पाठवतोस मला?" ती म्हणाली.

तो जमिनीकडे बघत राहिला. ती वाकली, माझं एक पान चुरलं, बोटं नाकाशी धरली, आणि गेली.

वाट काही अडली नाही. बस वेळेवर सुटली.

मित्रांनो, त्यानंतरचे दिवस कसे सांगू? झाड एका जागी असतं, त्याला सवय असते, असं माणसांना वाटतं. सवय होत नाही. बर्फ पडला, वितळला. फुलं आली, गळली. पानांत वास भरत राहिला आणि हात काही आला नाही. त्रेंदाफिल दिवसातून किती वेळा माझ्या शेजारून जायचा, पण असा जायचा की जणू मी त्याला काही विचारणार आहे. ती लाल दोऱ्याची काडी बाकावरच वाळली आणि एका वाऱ्यात उडून गेली.

गावात मोबाईलची रेंज नीट लागते ती आमच्या बाकावरच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं. वेलिका रविवारी फोन करायची. ती विचारायची, तो सांगायचा. टोमॅटो कसे आहेत, शेळी कधी व्याली, पाऊस झाला की नाही. मग ती विचारायची, "आणि तू?" तो म्हणायचा, "मी काय, आहे." तो तिला कधी ये म्हणाला नाही. तिनेही येऊ का म्हणून विचारलं नाही. छप्पर तिच्या पैशातून कधीच दुरुस्त झालं होतं, तरी नाही. फोन ठेवताना ती दर वेळी एकच विचारायची.

"झ्द्रावेत्स आहे ना?"

आणि तो माझ्याकडे न बघता म्हणायचा, "आहे. तो कुठे जाणार."

एका हिवाळ्यात खबर आली की ती तिकडे जिन्यावरून घसरली आणि मनगट मोडलं. एक हात प्लास्टरमध्ये, दुसऱ्या हाताने म्हातारीला उठवते. दोन्का तशीच चपलांवर बर्फातून आली आणि त्रेंदाफिलला म्हणाली की हे तूच केलंस, कोरडी पाठवलीस तिला.

"जिना ओला होता म्हणून घसरली," तो म्हणाला. "पाणी जास्तच झालं म्हण."

दोन्का हसली नाही. "नाव गुलाबाचं," ती म्हणाली, "पण तुला फुललेला या गावात कुणी पाहिला नाही." आणि गेली.

तो बाकावर बसला. थंडीने कान लाल झाले तरी उठला नाही.

बर्फ वितळल्यावर त्याने गंजीतून डोलची काढली. तांबं हिरवं पडलं होतं. त्याने व्हिनेगर आणि राख लावून ती घासली, इतकी घासली की दोन्का कुंपणावरून बघायला लागली. मग त्यानेच तिला विचारलं, जे पाणी तेव्हा ओतलं नाही ते नंतर ओतता येतं का.

दोन्का म्हणाली, माहीत नाही, कुणी करून पाहिलं नसेल. पण ओतायचंच असेल तर साधं नको. मुकं आण.

मुकं पाणी म्हणजे असं. उजाडायच्या आत झऱ्यावर जायचं, पाणी भरायचं, आणि ते ओतेपर्यंत तोंडातून एक शब्द काढायचा नाही, मागे वळून बघायचं नाही. शब्द निघाला की ते साधं पाणी झालं. आजाऱ्यासाठी आणतात, अडलेल्या बाळंतिणीसाठी आणतात. आणायचं मुलींनी नाहीतर बायकांनी. पुरुषाने आणलेलं दोन्काच्याही ऐकण्यात नव्हतं. पण दोन्काचे पाय झऱ्यापर्यंत जात नव्हते, आणि त्याच्या घरी ना मुलगी, ना बायको. मग आणणार कोण?

दिवस ठरला गेर्ग्योवदेनचा. मेच्या सुरुवातीचा हा सण. त्या पहाटेचं पाणी सगळ्यात गुणाचं मानतात. मी तेव्हा पूर्ण फुलात होतो.

अंधारातच तो आला. माझ्यासमोर उकिडवा बसला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याची बोटं माझ्या पानांत आली, जाडी, खरखरीत, कुठे धरायचं ते न कळणारी. मी सगळा वास एकदम सोडला असेन, कारण तो मधेच थांबला. मग त्याने दोन काड्या तोडल्या. एकीला लाल दोरा बांधून डोलचीत टाकली. दुसरी कानामागे खोचली, बोलायचं नाही याची आठवण म्हणून. त्यामुळे पुढचं सगळं मी त्याच्या कानामागून पाहिलं.

जाताना कुणी भेटलं नाही. येताना मिंचो भेटला, मेंढ्या घेऊन चाललेला. मिंचोला लोकांना छळल्याशिवाय दिवस गोड लागत नाही.

"काय रे गुलाबा," तो म्हणाला, "पाणी भरायला लागलास? लग्न कधी तुझं? आम्हाला बोलव."

त्रेंदाफिल चालत राहिला.

"बोलत नाहीस म्हणजे तुझी शेळी माझ्या मक्यात शिरली ते खरं वाटतं."

आता शेळीच्या नावाने त्रेंदाफिल कुणाचं ऐकून घेत नाही. त्याचा कान गरम झाला, मला समजलं. पण पाऊल थांबलं नाही. मिंचो अजून काहीतरी म्हणणार होता, तेवढ्यात त्याला डोलचीतला लाल दोरा दिसला. त्याने टोपी काढली. कुत्रा भुंकायला लागला होता, त्याचं तोंड हाताने दाबून धरलं, आणि मेंढ्या बाजूला घेऊन वाट दिली. मिंचोने कुणाला अशी वाट दिलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

आम्ही फाटकापाशी पोचलो. आता ते उघडायचं, वेलिका उभी होती तिथे उभं राहायचं, आणि ओतायचं. एवढंच उरलं होतं.

आणि खिशात फोन वाजला.

रविवार नव्हता. अशा वेळी फोन येतो तो चांगल्यासाठी येत नाही. त्रेंदाफिलने डाव्या हाताने फोन काढला, बटण दाबलं आणि कानाला लावला. बोलला काही नाही.

वेलिकाचा आवाज बसलेला होता. म्हातारी रात्री गेली होती. तिला आंघोळ घालून, चांगला झगा चढवून वेलिका तिच्याजवळ बसून होती. म्हातारीच्या घरच्यांना त्यांच्या मामाची देखभाल करायला बाई हवी होती, लांबच्या शहरात. त्यांची गाडी आताच निघत होती. येतेस की नाही, आता सांग, असं ते विचारत होते.

"मी त्यांना थांबवलंय," ती म्हणाली. "तू इतकी वर्षं ये म्हणाला नाहीस. मीही विचारलं नाही. आता विचारते. येऊ का?"

त्रेंदाफिलचा जबडा हलला. मी कानामागेच होतो. शब्द घशापर्यंत आलेला मला जाणवला.

पण डोलची भरलेली होती. बोललं तर पाणी फुकट, ती कोरडीच राहणार. नाही बोललं तर ती त्या गाडीत बसणार. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, बोलून टाकायचं, पाणी काय पुन्हा आणता येईल. मलाही तसंच वाटत होतं. पण त्याने एकदा तिचं पाणी चोरलं होतं. दुसऱ्यांदा त्याला ते जमेना.

"ऐकतोयस ना?" ती म्हणाली.

तो गप्प.

"म्हणजे अजून तेच. बरं. कळलं मला."

त्याने डोलचीवरची पकड बदलली आणि तिची कडी वाजली. तांब्यावर तांबं, बारीकसं.

फोन बंद झाला नाही. पलीकडे कुणीतरी परक्या भाषेत तिला हाक मारली, तिने उत्तर दिलं नाही.

"त्रेंदाफिल," ती हळू म्हणाली. "आज गेर्ग्योवदेन आहे."

तो गप्प.

"तुझ्या हातात डोलची आहे?"

तो गप्प.

दिल्यानाला ही शांतता ऐकून रेंज गेली असं वाटलं असतं. त्या इटलीच्या माणसांनी फोन ठेवून दिला असता. पण वेलिका डोंगरातली होती. लग्नाआधी तिने हेच पाणी आजारी आईसाठी आणलं होतं.

"बोलू नकोस," ती घाईने म्हणाली. "अजिबात बोलू नकोस. आधी ओत. मी थांबते."

आणि तीही मुकी झाली.

त्याने फोन बाकावर ठेवला, माझ्या शेजारी. फाटक उघडलं. जिथे ती बॅग घेऊन उभी राहिली होती, बरोबर तिथे त्याने डोलची हळूहळू रिकामी केली. पाणी उतारावरून चौकाकडे गेलं, जिकडे बस गेली होती. थोडं वळून माझ्या मुळाशी आलं. गार होतं. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता. तिकडे गाडीचा हॉर्न वाजला, पुन्हा वाजला, आणि मग गाडी निघून गेल्याचा आवाज आला.

तो परत आला. फोन उचलला.

"वेलिका," तो म्हणाला. रिकामी डोलची बाकावर ठेवली. मग म्हणाला, "ओतलं. तू निघालीस तेव्हाचं. यायलाही चालतं का हे पाणी, ते मला माहीत नाही. दोन्कालाही माहीत नाही."

"दोन्काला माहीत नाही असंही काही आहे?" ती म्हणाली. हसत होती की रडत होती, कळलं नाही. "थांब. मीच येऊन बघते."

ती आली तेव्हा माझी शेवटची चार फुलं टिकून होती. चौकातून चढ चढून आली. बॅग तीच, मनगट जरासं वाकडं, केस पांढरे. त्रेंदाफिल फाटकात उभा होता आणि हातांचं काय करावं ते त्याला सुचत नव्हतं. ती त्याच्याजवळ आली, पण आधी वाकली, आणि तो वाकडा हात माझ्या पानांतून फिरवला. हाताला परक्या साबणाचा वास होता. थोड्याच वेळात माझा झाला.

"आहे की," ती म्हणाली.

"तो कुठे जाणार," त्रेंदाफिल म्हणाला.

मित्रांनो, तुम्ही म्हणाल, आता तुला काय हवं? पण मी मघाशीच सांगितलं, माझा तुकडा जिथे रुजतो तिथेही मीच असतो. शेजारचं घर बंद आहे. त्याच्या पुढचं बंद आहे. त्याच्याही पुढचं. त्या प्रत्येक फाटकाशी मी आहे. तिथेही या मे महिन्यात फुलं आली. तिथेही पानं वासाने भरून उभी आहेत, आणि गंज चढलेल्या कडीला कुणी हात लावत नाही. वारा येतो, पण वाऱ्याने पान चुरलं जात नाही.

तुमच्या दारात मी नसेन. पण कुणीतरी असेलच, ज्याच्या शेजारून तुम्ही रोज जाता. ते झाडच असेल असंही नाही. जाता-येता बोटं फिरवत जा. वाकायचीसुद्धा गरज नाही. आम्ही भरलेलेच असतो, पण आम्हाला आपणहून बोलता येत नाही.